दोन आणि तीनच्या मधला काटा

"बाबा, ही पावडर कसली?"

सुनेने उशी उचलून धरली होती. चादरीवर गुलाबी भुकटी सांडली होती आणि तिच्याशेजारी हॅकसॉच्या पात्याचा बोटभर तुकडा पडला होता. बोटाला लागू नये म्हणून पात्याच्या एका कडेला सुती पट्टी गुंडाळलेली होती.

काटेमास्तर खिडकीशी बसून जुन्या नळाला नवा वायसर बसवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दंतमंजन असेल."

"गुलाबी दंतमंजन? आणि ते करवतीने कापून लावता?"

स्वयंपाकघरातून त्यांची बायको हात पुसत बाहेर आली. "अगं बाई! म्हणजे रोज पहाटे कर्र कर्र वाजतं ते हे होय? मला वाटलं उंदीर. मी उंदराचं औषध मागवणार होते."

सुनेला हसू आलं नाही. तिने सासऱ्यांच्या सदऱ्याची बाही वर सारली. कोपरापासून मनगटापर्यंत निळेजांभळे डाग होते, कुणी दऊत लवंडावी तसे. तिने दुसरी बाही वर केली. तिथेही तेच.

"हे कधीपासून?"

"आपटलं असेल कुठेतरी."

"दोन्ही हात? एकाच वेळी?"

मास्तर पुन्हा नळाकडे वळले. सकाळी चूळ भरली की पाणी लाल येतं, हे तर त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

काटेमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कापड रंगवायच्या कारखान्यात त्यांनी अडतीस वर्षं बॉयलर सांभाळला, तिथे पडलेलं ते नाव. बॉयलरच्या छातीवर वाफेचा दाब दाखवणारा ताटाएवढा गोल गेज होता. त्यावर दोन लाल रेघा आणि मधे थरथरणारा काटा. काटा खालच्या रेघेकडे झुकला की दोन फावडी कोळसा टाकायचा, वरच्या रेघेकडे चढला की हवेची झडप ओढायची. मास्तर डबा खायचे तेसुद्धा काट्याकडे तोंड करून. कुणी बोलायला आलं तर त्याला आपल्या आणि गेजच्या मधे उभं राहू देत नसत. दर तासाला वहीत आकडा आणि खाली सही. एकदा एका नव्या साहेबाने विचारलं, "कोळसा टाकायच्या आधी मला का विचारत नाही?" मास्तर म्हणाले, "विचारायला आलो तर परत येईपर्यंत तुम्ही आणि मी दोघंही छपराला चिकटलेले असू."

निवृत्त झाल्यावर नवव्या वर्षी एका सकाळी चहा पिताना त्यांची वाचा गेली. पाव तास ते नुसते ओठ हलवत राहिले. मग आपोआप बोलू लागले आणि पहिलं वाक्य म्हणाले ते, "चहा गार झाला." डॉक्टरांनी सांगितलं की हृदय ताल सोडून धडधडतंय, त्यामुळे आत रक्त साचतं, त्याची गुठळी होते, आणि तशीच एक बारीक गुठळी मेंदूत जाऊन आली. पुढची मोठी असेल. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली. दर महिन्याला तपासणी. रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा दोन आणि तीनच्या मधे हवा. दोनच्या खाली गेला तर गुठळी, तीनच्या फार वर गेला तर रक्तस्राव.

दोन रेघा आणि एक काटा. मास्तरांना वाटलं, हे तर आपलंच काम.

आणि नेमकं तिथेच चुकलं.

*

त्याच दुपारी मुलगा आणि सून त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. रक्त काढलं. आकडा आला सहा पूर्णांक आठ.

तपासणीच्या खोलीतली सिस्टर मोठ्या आवाजाची आणि थट्टेखोर होती. तिने आकडा पाहिला आणि थट्टा बाजूला ठेवली. डॉक्टरांना बोलावणं पाठवून ती स्टूल ओढून मास्तरांसमोर बसली.

"मास्तर, खरं सांगा हं. किती खाल्ल्या?"

"मागच्या खेपेला आकडा एक पूर्णांक सहा होता. म्हणजे खाली. पुढची तपासणी दोन आठवड्यांनी."

"पण डॉक्टरांनी गोळी वाढवूनही दिली होती."

"हो, पण काटा खाली असताना दोन आठवडे हात बांधून बसायचं? मी पात्याने कापून पाव गोळी जास्त घेतली."

"मग?"

"काही फरक दिसेना."

"कशात बघत होतात फरक?"

मास्तरांनी हाताची बोटं पुढे केली. "नखांत. रंग बघून."

"आणि मग?"

"दुसऱ्या दिवशी आणखी पाव. मग आणखी पाव. अकरा दिवस."

सिस्टरने कपाळाला हात लावला. "अहो, आज घेतलेल्या गोळीचा पुरता परिणाम आज दिसत नाही. दोन-तीन दिवस लागतात. कधी त्याहून जास्त."

मास्तरांच्या डोळ्यांसमोर गेज आला.

"म्हणजे," ते हळू म्हणाले, "या भट्टीत आज टाकलेला कोळसा परवा पेटतो?"

"परवा, नाहीतर तेरवा."

"आणि मी रोज टाकतच गेलो."

हातावरचे डाग बघून घाबरले नव्हते इतके ते आता घाबरले. अकरा दिवसांचा कोळसा एका भट्टीत, आणि अजून सगळा पेटलेलाही नाही.

"असला बॉयलर मला कुणी दिला असता तर मी हात लावला नसता," ते म्हणाले.

"दिलाय आता. परत घेणार नाही कुणी," सिस्टर म्हणाली. "फक्त कोळसा किती टाकायचा ते आम्ही सांगायचं आणि टाकायचा तुम्ही. जमेल?"

मास्तर "जमेल" म्हणणार होते, पण तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी गोळी थांबवली, तिच्यावरचं उताऱ्याचं औषध लिहून दिलं, परवा पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. हे सगळं ते मुलाशी बोलत होते. मास्तर दोघांच्या मधे बसले होते आणि बोलणं त्यांच्या डोक्यावरून ये-जा करत होतं.

"मेंदूत रक्तस्राव झाला असता. यांच्या हातात गोळ्या देऊ नका. असंच चालणार असेल तर मला गोळी बंद करावी लागेल, आणि बंद केली तर या खेपेला वाचा जाईल ती परत येणार नाही."

"नाही देणार, डॉक्टर," मुलगा म्हणाला.

"मी बघते," सून म्हणाली.

*

तेव्हापासून गोळ्या, दवाखान्याचं कार्ड आणि रिपोर्ट सुनेच्या लोखंडी कपाटात गेले. ती वीज कंपनीच्या कचेरीत कारकून होती. एकदा हाती घेतलेलं काम सोडणारी नव्हती. रोज संध्याकाळी आठच्या ठोक्याला ती एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची. मास्तरांनी गिळलं की म्हणायची, "आ करा."

ज्यांच्या सहीशिवाय कारखान्यात वाफ सुरू होत नव्हती, ते मास्तर सुनेला जीभ दाखवायचे.

मुलाला एकदा ते म्हणाले, "चूक झाली ती झाली. पण माझी गोळी माझ्या हातात असू दे रे."

"बाबा, नीट चाललंय ना? मग चालू दे की."

"नीट चाललंय ते मीच चालवतोय असं नाही वाटत."

"म्हणजे?"

मुलाला कळलं नाही. मास्तर वर्तमानपत्र उघडून बसले.

पण त्यांनी मनातल्या मनात नवा बॉयलर शिकायला घेतला. दर तपासणीला सिस्टरला प्रश्न विचारून ते भंडावून सोडत. पालेभाजी बंद करायची का? बंद नको, पण दर आठवड्याला साधारण तेवढीच खा. एका आठवड्यात भारंभार आणि दुसऱ्यात काहीच नाही, असं नको. हे घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे आता भाजीचीही हजेरी घेऊ?" सर्दीची गोळी, अंगदुखीची गोळी, कुणी दिलेला काढा? विचारल्याशिवाय काही नाही. दाढी? ब्लेड सोडा, मशिन घ्या. पडलो तर? डोक्याला लागलं तर रक्त दिसो न दिसो, तडक दवाखाना, आणि तिथे आल्याबरोबर दोन गोष्टी एका दमात सांगायच्या: डोक्याला मार लागलाय आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

"एका दमात?" मास्तरांनी विचारलं.

"एका दमात. नाहीतर आमचे लोक पहिलीच ऐकतात आणि बाकावर बसवतात."

चौथ्या महिन्यातली गोष्ट. सुनेला कचेरीत उशीर झाला, घरी पाहुणे आले, आणि गोळी राहून गेली. सकाळी तिला आठवलं. ती घाईघाईने आली, तळहातावर दोन गोळ्या.

"बाबा, कालची राहिली. आज दोन्ही घेऊन टाका, म्हणजे बरोबर होईल."

मास्तरांनी हात पुढे केला नाही.

"दोन घ्यायच्या नाहीत."

"अहो, कालची एक आणि आजची एक. हिशेब सरळ आहे."

"राहिली ती राहिली. दुसऱ्या दिवशी दुप्पट करायची नाही. सिस्टरला विचार."

"मला ऑफिसला उशीर होतोय बाबा. मी काय तुम्हाला विष देतेय?"

"मी सहा पूर्णांक आठ बघितलेला माणूस आहे," मास्तर म्हणाले. "फोन लाव."

तिने रागारागाने फोन लावला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की स्वयंपाकघरात बायकोलाही ऐकू आला. "मास्तर बरोबर सांगतायत. आजची आज, नेहमीच्या वेळी, एकच. कालच्या तारखेपुढे राहिली म्हणून लिहून ठेवा."

सुनेने दोन्ही गोळ्या परत पाकिटात टाकल्या. कपाटाला किल्ली लावताना तिचा हात जरा रेंगाळला, पण किल्ली फिरलीच.

सहा महिने झाले. सहाही महिने आकडा दोन आणि तीनच्या मधे होता.

*

सोमवारी सकाळी साडेदहाला मास्तर न्हाणीघरात घसरले. मुलगा आणि सून कामावर गेले होते. पाय पुढे गेला आणि डोक्याची मागची बाजू दाराच्या चौकटीवर आपटली. मोठा आवाज झाला. बायको धावत आली, तिने त्यांना उठवून खाटेवर बसवलं. चाचपलं तर लिंबाएवढं टेंगूळ. रक्ताचा थेंब नाही.

"नशीब!" ती म्हणाली. "काही झालं नाही. पडा जरा. मी गार पाण्याची पट्टी ठेवते."

"पट्टी नको. चपला दे."

"आता कुठे निघालात?"

"दवाखान्यात."

"टेंगळासाठी? लोक हसतील. थोडं झोपा, बरं वाटेल."

"झोपलो आणि उठलोच नाही, तर मला झोप लागलीय का शुद्ध गेलीय हे तुला कळेल?"

"चाळीस वर्षं तुमचं घोरणं ऐकतेय. कळेल मला."

"मग घोरणं थांबल्यावर कळून काय उपयोग?"

शेजारच्या मावशी आवाज ऐकून आल्या होत्या. त्यांनी येतानाच गोळ्यांची पट्टी आणली होती. "ही घ्या हो मास्तर, दुखणं लगेच थांबतं. माझ्या गुडघ्यांना हीच लागते."

"तुमच्या गुडघ्यांना लागू दे," मास्तर म्हणाले. "माझ्या गोळीशी तिचं पटत नाही."

बायकोने मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, "उलटी झाली? चक्कर? नाही ना? मग पडून राहायला सांग, मी जेवणाच्या सुट्टीत येतो." मास्तरांनी फोन घेतला आणि म्हणाले, "सुट्टीत घरी येऊ नकोस, दवाखान्यात ये." आणि ठेवून दिला.

कार्ड कपाटात होतं. बायको कपाटाच्या दाराशी झटापट करू लागली. "विळी आणू का? उचकटू?"

"राहू दे. मला पाठ आहे."

रिक्षात बसताना डोकं ठणकत होतं. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला बायको चालकावर ओरडत होती, आणि चालक मास्तरांकडे बघून म्हणत होता, "काका, पेशंट नक्की कोण?"

*

तातडीच्या विभागाच्या खिडकीपाशी रांग होती. मास्तर रांगेच्या बाजूने पुढे गेले आणि खिडकीत वाकून एका दमात म्हणाले,

"डोक्याला मार लागलाय आणि रक्त पातळ करायची गोळी चालू आहे."

आतल्या माणसाने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "रक्त कुठाय?"

"बाहेर नाही. म्हणून तर आलोय."

मागे उभी असलेली एक तरुण डॉक्टरीण थबकली. ती वळली आणि त्यांना हाताला धरून सरळ आत घेऊन गेली.

"कुठली गोळी, आजोबा? कार्ड आणलंय?"

"कार्ड कपाटात, किल्ली सुनेकडे आणि सून कचेरीत. लिहून घ्या." मास्तरांनी गोळीचं नाव सांगितलं. रोज एक पूर्ण, गुरुवारी आणि रविवारी अर्धी. संध्याकाळी आठला. काल रविवार, म्हणजे अर्धी, ती घेतली आहे. मग त्यांनी डोळे मिटले आणि कारखान्याची वही वाचावी तसं सुरू केलं. "मागच्या महिन्यात नऊ तारखेला दोन पूर्णांक चार. त्याच्या आधी दोन पूर्णांक सात. त्याच्या आधी दोन पूर्णांक एक, त्या महिन्यात एक दिवस गोळी राहिली होती. त्याच्या आधी..."

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. "आजोबा, काय काम करायचात तुम्ही?"

"काटा बघायचो."

कंपाउंडर सुई भरून आला. "दंडावर एक इंजेक्शन देतो, दुखायचं थांबेल."

मास्तरांनी दंड मागे घेतला. "दुखण्याचं असेल तर आधी या बाईंना विचारा."

डॉक्टरिणीने कंपाउंडरकडे बघितलं. "ते नको. बरं झालं बोलले ते. यांना आधी स्कॅनला घ्या. रक्त घ्या, आणि स्कॅन आत्ता."

मास्तर उताणे पडून त्या गोल यंत्रात गेले. आत त्यांना भट्टीचं तोंड आठवलं, फक्त हे गार होतं.

मुलगा आणि सून आले तेव्हा डॉक्टरीण पडद्यावरच्या करड्या चित्रात बोट फिरवत होती. कवटीच्या आतल्या बाजूला एक बारीक पांढरी रेघ होती, नखाच्या कडेएवढी.

"हे रक्त आहे. अगदी थोडं. आकडा दोन पूर्णांक पाच आहे, आणि उतारा दिलाय, त्यामुळे ते इथेच थांबेल असं वाटतं. घरी झोपून राहिले असते तर..."

मुलगा भिंतीला टेकला. त्याने सकाळी फोनवर काय सांगितलं होतं ते त्याला आठवलं असावं.

सून चित्राकडे बघत होती. मग ती हळूच, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, "कार्ड कपाटात, आणि माणूस इथे."

बायको पदराने डोळे पुसत होती आणि त्याच दमात नर्सला सांगत होती, "ऐकत नाहीत हो कुणाचं! मी म्हटलं झोपा, तर म्हणे चपला दे. बरं झालं नाही ऐकलं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कॅन झाला. रेघ होती तिथेच होती. तिसऱ्या दिवशी मास्तर उठून बसले आणि जेवण अळणी आहे अशी तक्रार केली. तपासणीच्या खोलीतली सिस्टर वॉर्डात येऊन दारातूनच ओरडली, "काय हो, एका दमात सांगितलंत म्हणे! खाली सगळी खिडकी तुमचंच नाव घेतेय." शेजारच्या तिन्ही खाटांवरचे पेशंट मास्तरांकडे बघू लागले. मास्तरांनी पांघरूण सारखं केलं आणि छताकडे बघितलं, पण मिशीतलं हसू काही लपलं नाही.

चौथ्या दिवशी मोठे डॉक्टर आले, सहा महिन्यांपूर्वीचेच. त्यांच्या हातात एक कागद होता. गोळी काही आठवडे बंद राहील, मग पुन्हा स्कॅन, आणि सगळं ठीक असेल तर कमी मात्रेपासून सुरुवात. कोणती लक्षणं दिसली तर लगेच यायचं, तेही लिहिलेलं होतं. सवयीप्रमाणे त्यांनी कागद मुलापुढे धरला.

"हे बघा, यांना घरी नेल्यावर..."

"त्यांना सांगा, डॉक्टर," सून म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं.

"गोळी त्यांची आहे," ती म्हणाली. "आणि आमच्यात ती त्यांनाच कळते."

मुलाने पुढे केलेला हात मागे घेतला. डॉक्टरांनी खाटेखालचं स्टूल पायाने ओढलं आणि मास्तरांच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ.

"मास्तर, हे बघा. पहिली गोष्ट..."

"जरा थांबा," मास्तर म्हणाले.

त्यांनी खाटेशेजारच्या कपाटाचा खण उघडला. आत कंगवा होता, घडी घातलेला रुमाल होता, अर्धं बिस्किट होतं. त्यांनी एकेक वस्तू बाजूला केली. तळाशी चष्मा होता. त्याची एक काडी रुमालात अडकली होती, ती त्यांनी सावकाश सोडवली. चादरीच्या कोपऱ्याने एक काच पुसली, उजेडात धरून बघितली, मग दुसरी पुसली. डॉक्टरांच्या खिशात फोन वाजला, त्यांनी तो न बघताच बंद केला. कुणी म्हणालं नाही की राहू द्या, मी वाचून दाखवतो.

सगळे थांबले होते.

मास्तरांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि कागदासाठी हात पुढे केला.